दोन बोटं खाली

जवळ सरका मंडळी, आमच्या झहले गावच्या नखले मिस्त्रीची गोष्ट ऐका.

हयामला वारलेल्या भावाची जुनी स्पोर्ट्सकार घाटाच्या शर्यतीत न्यायची होती. घरचे म्हणाले, "विक." तिने ऐकलं नाही.

नखलेने चाकांच्या सांध्यांतले झिजलेले रबरी बुश, स्प्रिंगा, शॉकअप, सगळं नवं घातलं. बुशचे नट गाडी चाकांवर असतानाच आवळायचे असतात, म्हणून ती जॅकवरून खाली उतरवली. रिकामी गाडी चालकाच्या बाजूला दोन बोटं खचली.

स्प्रिंगा अदलून-बदलून पाहिल्या. तरी तीच बाजू खचली.

"पोरी, नको जाऊस."

"नखलेकाका, सकाळीच अरकाची नशा चढली का?"

हयामने चालकाचं दार उघडलं. "दादा, सरक तिकडे. आज मी चालवणार."

गाडी हळूच पलीकडे कलली.

घाटातून ती परतलीच नाही; मेणबत्ती लावाल तेव्हा हयामची आठवण ठेवा.