चोवीस दात्यांचा स्पिंडल

“चोवीस दाते,” दुकानदार स्पिंडल उजेडाकडे धरून म्हणाला. नखाने त्याने ते पुन्हा एकदा मोजले. “हल्ली वीसच येतात, काका.”

“चार कमी चालणार नाहीत?”

“तोंडात चालतात. नळाला नाही.”

हे सहावं दुकान होतं. पहिल्याने ‘नमुना आणा’ म्हणून परत पाठवलं, तेव्हा त्याने, म्हणजे दोघा भावांतल्या धाकट्याने, स्वयंपाकघरातला नळ खोलून त्याच्या पोटातला हा पितळी दांडा काढला आणि रुमालात गुंडाळून आणला. दुसऱ्या दुकानात दाते जुळले नाहीत. तिसऱ्यात दाते जुळले तर आटे जुळेनात. पुढे एका ठिकाणी दोन्ही जुळलं आणि लांबी अर्धं बोट कमी भरली. त्याचं लग्न याहून कमी चौकशीत जुळलं होतं.

दांड्याच्या तिसऱ्या आट्याचा टवका उडाला होता. त्यामुळे नळ कितीही पिळला तरी बंद होत नव्हता. परवापासून गच्चीवरचा कॉक फिरवून स्वयंपाकघराचं पाणीच तोडलं होतं. बायको न्हाणीघरात पाटावर बसून भांडी घासत होती. तिचे गुडघे आधीच गेलेले. दोन दिवसांत ती एका शब्दानेही बोलली नव्हती, आणि हेच लक्षण वाईट होतं.

“अख्खा नळच बदला ना,” दुकानदार म्हणाला.

“प्लंबर म्हणतो, बूड भिंतीत गच्च बसलंय. भिंत फोडावी लागेल.”

“मग फोडा.”

“अर्धीच माझी आहे.”

दुकानदाराने स्पिंडल परत त्याच्या रुमालावर ठेवला. असल्या भिंती त्याने बऱ्याच पाहिल्या असाव्यात. “मग एकच करा. याच वयाचा, याच कंपनीचा दुसरा नळ शोधा. त्यातला काढून घ्या.”

तसला नळ कुठे आहे हे धाकट्याला नेमकं ठाऊक होतं. त्याच भिंतीच्या पलीकडे, याच्या नळाच्या पाठीला पाठ लावून. वडिलांनी हयातीतच घराच्या मधोमध भिंत घालून दोघा भावांची सोय लावली, तेव्हा नळही जोडीनेच बसवले होते. वडील गेल्यावर धाकट्याने टेप लावला. थोरल्याची बाजू नऊ इंच जास्त निघाली. त्या नऊ इंचांवर अकरा वर्षांचा अबोला उभा होता. फाटक एक, दारं दोन. तेव्हापासून पलीकडचं सगळंच याला सरस दिसे. ऊन तिकडे आधी यायचं. रंग तिकडचा टिकायचा. भिंतीतून ऐकू येणारा नळाचा आवाजसुद्धा जास्त दाबाचा वाटायचा. गेले दोन दिवस तोही येत नव्हता. म्हणजे तिकडे आता थेंबसुद्धा गळत नसणार.

“मिळाला?” घरात शिरताच बायकोने विचारलं.

“नाही.”

“दादांकडे तसलाच आहे.”

“मेलो तरी त्या दारात पाऊल टाकणार नाही.”

“तुम्ही मेलात तरी भांडी मलाच घासायची आहेत,” ती म्हणाली, आणि खरकट्या भांड्यांची टोपली कमरेवर घेऊन, दुसऱ्या हाताने भिंतीला धरत न्हाणीघराकडे गेली.

धाकटा निघाला. एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत बारा पावलं होती. ‘दादा, जरा काम होतं,’ असं म्हणायचं त्याने ठरवलं. चौथ्या पावलाला त्यातलं ‘जरा’ गळलं. आठव्याला ‘दादा’ गेलं. दारापाशी पोचेपर्यंत नुसतं ‘होतं’ उरलं. वयाच्या बावन्नाव्या वर्षीही आपण धाकटेच आहोत, हे त्याला बेल शोधताना कळलं.

बेल वाजवायची वेळच आली नाही. दार आतून उघडलं. थोरला चपला घालून उंबऱ्यात उभा होता, कुठेतरी निघाल्यासारखा. केव्हा इतका वाळला होता कोण जाणे. दोघांनी एकमेकांच्या कानांकडे पाहिलं.

धाकट्याने रुमालच पुढे केला आणि उघडला.

“नळाचा आहे… म्हणजे तुझ्याकडचा जर…”

थोरल्याने वाकून त्या स्पिंडलकडे पाहिलं. मग त्याने शर्टाच्या खिशातून वर्तमानपत्राची एक पुडी काढली आणि सोडली. आत पितळी दांडा होता. चोवीस दाते. तिसऱ्या आट्याचा टवका उडालेला.

“मी तुझ्याकडेच निघालो होतो,” थोरला म्हणाला. “म्हटलं, बाबांनी चांगला नळ तुलाच दिला असणार.”