रविवारी रुसणारा सेट

"परत बंद?" लेकीने चपला काढता काढताच विचारलं.

"परत. कालपासून मुका झालाय," आई म्हणाली. "मी फोन केलाय त्यांना. येतीलच आता. आणि माझा चष्मा दिसला तर सांग गं, दोन दिवस सापडत नाहीये."

"मग फोन कसा लावलास?"

"त्यांचा नंबर पाठ आहे."

लेकीने दिवाणखान्यातल्या त्या धुडाकडे पाहिलं. लाकडी पेटीतला अँप्लिफायर, त्यावर रेकॉर्ड प्लेअर, दोन्ही बाजूंना कपाटाएवढे स्पीकर. आईने हा स्टिरिओ जुन्या बाजारातून उचलून आणला, तेव्हा त्यात झुरळांचं बिऱ्हाड होतं. त्याच बाजारातल्या रेडिओवाल्यांनी त्याला उभं केलं. इथेच जमिनीवर मांडी ठोकून त्यांनी कुजलेल्या वायरी बदलल्या, फुगलेले कंडेन्सर काढले, बटणांत अडकलेली धूळ ब्रशने झाडली. सेट पहिल्यांदा गायला तेव्हा आईने चक्क टाळ्या पिटल्या होत्या. बाबा गेल्यापासून या घरात कुणी टाळी वाजवली नव्हती. लेकीला त्या दिवशी खरंच फार बरं वाटलं होतं.

पण मग सेट रुसायला लागला. आठवडाभर गायचा आणि शनिवारी मान टाकायचा. कधी फ्यूज सैल, कधी पट्टा निसटलेला, कधी आतली एखादी तार सुटलेली. रविवारी रेडिओवाले यायचे आणि तासाभराचं काम संध्याकाळपर्यंत पुरवायचे.

"जुनी मशीन माणसासारखी असते ताई, मधूनमधून रुसते," असं म्हणत ते केकचा दुसरा तुकडा उचलायचे. आईने केक करायचा रविवारच ठरवला होता.

लेक विमा कंपनीत दावे तपासायची. दिवसभर लोकांच्या थापा वाचून तिची नजर पक्की संशयी झाली होती. इथे कुठेतरी पाणी मुरतंय, हे तिने केव्हाच ओळखलं होतं. अशा जुन्या सेटमधले अस्सल पार्ट आता कुठे मिळत नाहीत, शौकीन लोक त्यांच्यासाठी जीव टाकतात, असं तिने ऐकलं होतं. हे गृहस्थ दर रविवारी एखादा पार्ट खिशात घालत असणार, आणि पुन्हा यायला मिळावं म्हणून जाताना काहीतरी सैल करून ठेवत असणार. कुंपणच शेत खात होतं. आई बिचारी भोळी. शिवणयंत्र स्वतः खोलून तेल घालेल, पण माणूस गोड बोलला की संपलं.

म्हणून गेल्या रविवारी तिने सापळा लावला होता. रेडिओवाले अँप्लिफायरचं मागचं झाकण बसवून निघाले, आई त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेली, तेवढ्यात लेकीने पर्समधून नेलपॉलिश काढलं आणि झाकणाच्या चारही स्क्रूंवर एकेक ठिपका दिला. रंग मोरपंखी. तिच्या आवडीचा, आईच्या मते भयंकर. ठिपके शाबूत असताना सेट बंद पडला, तर बिघाड आत ठेवूनच झाकण लावलं होतं, हे शेंबडं पोरही सांगेल.

दारावरची घंटा वाजली. रेडिओवाले इस्त्रीचा शर्ट घालून आले होते.

"काय म्हणतात आमचे राजे?" त्यांनी विचारलं आणि अँप्लिफायरमागे वाकून टॉर्च लावला.

"काका, थांबा," लेक म्हणाली. "झाकणाला हात लावायच्या आधी एक सांगा. स्क्रूंवर मी रंगाचे ठिपके दिलेत, तुम्ही गेल्यावर. ते शाबूत आहेत की फुटलेत?"

आई केक घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या हातातली बशी खुळखुळली.

रेडिओवाल्यांनी खिशातला चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. बराच वेळ पाहिलं. मग मान वळवून एकदा आईकडे पाहिलं.

"शाबूत आहेत," ते म्हणाले. "एकालाही ओरखडा नाही."

"मग बिघाड आत कसा गेला?"

"मीच ठेवून गेलो होतो." हवापाण्याबद्दल बोलावं तसं ते म्हणाले. "दर वेळी मीच. यायला काहीतरी निमित्त हवं ना, ताई. केक फार छान असतो इथला."

लेक चांगली भांडायच्या तयारीने आली होती. इतक्या स्वस्तात कबुली मिळेल असं तिला वाटलं नव्हतं. आणि चोरच कबूल झाल्यावर पुरावा कोण बघत बसतं? तिने काही तिकडे डोकावून पाहिलं नाही.

"ऐकलंस ना, आई? हा सेट आजच्या आज जाणार. मी तुला छोटा नवा स्पीकर आणून देते. कुणाला बोलवायची कटकटच नको."

"कुणालाच?" आईने विचारलं.

"कुणालाच."

केक टेबलावर ठेवून आई खुर्चीत बसली. तिचा तो चेहरा लेकीच्या ओळखीचा होता. बाबा गेल्यानंतर कितीतरी महिने तिने तोच पाहिला होता. पण फसवणूक ती फसवणूक. रेडिओवाले मुकाट्याने स्पीकरच्या वायरी सोडवून त्यांची नीट वेटोळी करत होते.

"जाताना केक तरी खाऊन जा, काका," ती म्हणाली. जिंकलेल्या माणसाला उदार व्हायला काय जातं? तिने टेबलावरची सुरी उचलली.

"थांब थांब, मी कापते," आई धडपडत उठली. "ती नको गं, दुसरी देते!"

पण सुरी लेकीच्या हातात आली होती. तिने ती उजेडात धरली. मग आईकडे पाहिलं, मग रेडिओवाल्यांकडे.

"काका," ती म्हणाली, "त्या वायरी परत जोडा."

सुरीचं टोक वाकलं होतं, आणि त्या टोकाला मोरपंखी रंग चिकटला होता.