चाचणीचा पट्टा

आमच्या थीम पार्कच्या दारातला बोलका पोपट मी बनवला. मुलांनी मनगटावरचा पट्टा समोर धरला, की तो त्यांना नावाने हाक मारतो आणि कुठल्या पाळण्यात बसायचं ते सांगतो. चाचणीच्या पट्ट्यात सुरुवातीला मी माझ्याच लेकीची माहिती भरली होती. आयती हाताशी होती म्हणून.

आजही पार्क उघडण्याआधी तो पट्टा पोपटासमोर धरला.

"चिमणे, आज तू आठ वर्षांची झालीस! मागे उंची कमी पडली म्हणून रडली होतीस ना? आता खुशाल आकाशपाळण्यात बस."

शेजारी उभ्या असलेल्या नव्या इंजिनिअर बाई हसल्या. "अगदी घरातल्या माणसासारखा बोलतो हो! पट्ट्यात तुमच्या लेकीचं वय आपोआप वाढतं का सर?"

"हो. दर वाढदिवसाला."

नाव, वय, आवाज. कागदावर तिन्हींपुढे मी बरोबरची खूण केली.

"मग आज लवकर घरी जा, सर. वाट बघत असेल ती."

 

"पाच वर्षांची असतानाच वारली ती," मी म्हणालो आणि पट्टा उद्यासाठी चार्जिंगला लावला.