आईची गोळी

प्रयोगशाळेत तिचा सगळा दिवस उंदरांत जायचा. एकाच औषधाने काळे उंदीर डोळे मिटून पडायचे आणि तपकिरी खुशाल चाकावर धावत राहायचे. आईबापांना जे लागू पडतं तेच पिल्लांनाही पडतं, हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणूनच तर घरी तिचा जळफळाट व्हायचा. अर्धशिशी आईकडून दोघी बहिणींना आली, पण आईची गोळी लागू पडायची फक्त धाकटीला. आईचे केस तिला, आईचा गळा तिला, आता गोळीसुद्धा तिलाच.

आज दोघींचंही डोकं उठलं. गोळी घेऊन धाकटी थोड्याच वेळात गुणगुणत कपडे वाळत घालायला लागली. ही मात्र कपाळाला रुमाल आवळून पडलेली.

"आई, माझ्यात तुझं काहीच नाही का गं?"

आई तिचं डोकं चेपत म्हणाली, "तुझ्या बाबांनाही ही गोळी कधी लागू पडली नाही. असाच रुमाल बांधून पडायचे, अगदी याच कुशीवर."

बाबांना फक्त फोटोत पाहिलेल्या धाकटीचं गुणगुणणं थांबलं.

"म्हणजे बाबांचं सगळं हिलाच," ती म्हणाली.