मधल्या पाण्यातला बिघाड

धरणाच्या पाण्यावरून गाड्या पलीकडच्या काठाला नेणाऱ्या कानिफनाथच्या तराफ्याला एक खोड होती. एखाद्या गाडीत नवरा-बायको तोंडं फिरवून बसलेले दिसले, की इंजिन बरोबर मधोमध बंद पडायचं. कानिफनाथ पान्हा घेऊन खाली वाकायचा, कान मात्र गाडीकडं. आतून हसण्याचा आवाज आला, की इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू! ही युक्ती आपल्याशिवाय कुण्णाला ठाऊक नाही, असा त्याचा पक्का समज होता.

आज त्याचीच बायको, बनुबाई, पिशवी भरून तराफ्यावर चढली आणि त्याच्याकडं पाठ करून उभी राहिली. तिच्या भाच्याच्या बारशाला नवऱ्यानं दांडी मारली, म्हणून ती रुसून एकटीच पलीकडं माहेरी निघाली होती.

मधोमध आल्यावर इंजिन बंद पडलं. कानिफनाथनं पान्हा उचलला.

"लई मोठा बिघाड हाय," तो कुणाकडंच न बघता म्हणाला.

तराफ्यावरच्या सगळ्या गाड्यांच्या काचा एकदम वर गेल्या. तेवढा दुधाच्या टेम्पोवाला डोकं बाहेर काढून ओरडला, "नाथाभाऊ, त्यो पान्हा ठिवा अन् वहिनींचं पाय धरा! माझं दूध नासाया लागलंय!"