दुखलं का?

“दुखलं का?”

“आई गं! दुखलं ना!” भिंगरीने मिटल्या डोळ्यांनीच तोंड वाकडं केलं.

आईच्या हातातली टाचणी तिच्या पायापासून चांगली वीतभर लांब होती.

आईने ती टाचण्यांच्या उशीत खोचून ठेवली. गेले आठ दिवस पोर रोज “दुखलं” म्हणत होती आणि आई रोज हुरळून जात होती. आज कसा कोण जाणे, संशय आला आणि तिने टाचणी टेकवलीच नाही. नऊ वर्षांच्या पोरीने आपल्याला आठवडाभर बनवलं, यावर हसावं की रडावं हेच तिला कळेना.

“खोटं का गं बोलतेस?”

भिंगरीने डोळे उघडले. “दुखलं म्हटलं की तू हसतेस.”

आई उठली आणि शिलाई मशीनवर जाऊन बसली. घराची पुढची खोली म्हणजे तिचं दुकान. भिंगरीची खाटही तिने तिथेच आणून टाकली होती, म्हणजे काम करता करता लक्ष राहील. पोरीचं खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं. घटकाभर एका जागी ठरत नाही म्हणून बाळपणापासून तिला सगळे भिंगरीच म्हणायचे. आता ही भिंगरी दोन महिने खाटेवर होती.

आधी ताप आला. मग पाठ आणि पाय असे काही ठणकायला लागले की पोर तीन दिवस किंचाळत होती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी इस्पितळाच्या जिन्यात बसून आईने हात जोडले. “देवा, हिचं दुखणं काढून घे. दुसरं काही मागत नाही.” सकाळी दुखणं गेलं होतं. कमरेखालची सगळी जाणीवही त्याच्याबरोबर गेली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, प्रार्थनेचा आणि याचा काही संबंध नाही, हा आजारच असा असतो. जाणीव परत आली तर पायांची आशा धरता येईल. पण जितका उशीर, तितकी आशा कमी.

आईच्या डोक्यातून मात्र तो जिना काही जाईना. तेव्हापासून तिने देवाशी बोलणं टाकलं होतं. बोलायची ती सासूबाईंशी, देवाबद्दल.

“मी कपड्यात एक टाका उगाच घालत नाही, आई,” आताही ती मशीन चालवता चालवता म्हणाली. “त्याने एवढं जग बेतलं, मग त्यात हे आजार आणि दुखणी कशाला घातली? कुणी मागितली होती?”

सासूबाई भाजी निवडत दारात बसल्या होत्या. “त्याच्या मनात काय असतं, ते आपल्याला कसं कळणार गं?”

“गिऱ्हाइकाला मी असं सांगून बघते. कपडा तोंडावर फेकून मारेल.”

सासूबाई हसल्या आणि भाजी धुवायला आत गेल्या. सुनेचं चुकतंय असं त्यांनाही मनापासून वाटत नव्हतं.

दुपारपर्यंत बारा पँटी द्यायच्या होत्या. आई एकेक पँट इस्त्री करत होती आणि घडी घालून बाजूला ठेवत होती. टेबल भरलं, खुर्ची भरली. शिवणकाम करणाऱ्या बाईला रिकामी जागा दिसली की हात आपोआप तिथे जातो. मागे वळूनही न बघता तिने तापलेली पँट खाटेच्या पायथ्याशी ठेवली. भिंगरी मांडीवर बटणांचा डबा घेऊन चारभोकी आणि दोनभोकी बटणं वेगळी करण्यात बुडाली होती.

“आई, चटका!”

“पुरे झाली नाटकं,” आई इस्त्री फिरवत म्हणाली.

“नाटक नाही! उचल ना ते! भाजतंय मला!”

आईचा हात थांबला. आपण काहीच विचारलं नव्हतं, हे तिच्या लक्षात आलं. तिने इस्त्री उभी केली आणि वळून पाहिलं. पँट भिंगरीच्या पावलांवर पडली होती. तिने ती झटकन उचलली. पँटीचा लोखंडी हूक जिथे टेकला होता तिथे, घोट्याजवळ, डाळीएवढा लाल डाग उठला होता. ती धावत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि तिने पायावर धार धरली.

“गार! आई, केवढं गार आहे!” भिंगरी ओरडली आणि स्वतःच चकित होऊन पायाकडे बघत राहिली. चटका आता चांगलाच चुरचुरत होता. तिने भोकाड पसरलं, दोन महिन्यांत पहिल्यांदाच असं मोठ्याने आणि मनसोक्त.

सासूबाई ओल्या हातांनीच बाहेर आल्या. “अगं, काय केलंस पोरीला? का रडतेय एवढी?”

“भाजलं तिला! माझ्या हातून भाजलं!” सून जमिनीवर बसून हसत होती आणि डोळ्यांतलं पाणी ओघळत होतं. सासूबाईंना सगळं उमगायला एक क्षण लागला. मग त्यांनी खाटेची कड धरली आणि कसंबसं म्हटलं, “हात जोड आधी. त्याला हात जोड.”

“जोडते. पण माझ्या प्रश्नाचं उत्तर त्याने अजून दिलेलं नाही, आई. ते मी सोडणार नाही.”

तिने रडणाऱ्या लेकीचं पाऊल दोन्ही हातांत घट्ट धरलं, त्यावर कपाळ टेकलं आणि दोन महिन्यांनी पहिल्यांदा ती त्याच्याशी थेट बोलली.

“देवा, दुखू दे तिला. अजून दुखू दे.”