परवाची फवारणी

बहिणीचा फोन आला. "दादा, उद्या येते चार दिवस राहायला. पण घरात औषध नाही ना फवारलंस? मला ते जराही सोसत नाही, लगेच दम लागतो."

फवारणी परवाच झाली होती, गादीपासून पडद्यापर्यंत. पण घरात ढेकूण झाले हे बहिणीला कोणत्या तोंडानं सांगायचं? दुसऱ्यांच्या टेबलावर बोट फिरवून धूळ दाखवण्यात दादाचा जन्म गेला होता.

"छे गं! आपल्याकडे कसली आलीय फवारणी? ये बिनधास्त."

मग त्यानं खिडक्या उघडल्या, चादरी धुतल्या, फरशी दोनदा पुसली. वास गेला म्हणजे औषधही गेलं, अशी मनाची समजूत घातली.

बहीण आली त्याच संध्याकाळी तिला दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टरांनी तिच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावला आणि दादाकडे वळून विचारलं, "घरात कसली फवारणी केली होती का? नीट आठवून सांगा, त्यावर पुढचे उपचार ठरतील."

दादाची मान खाली गेली. तो कसंबसं तोंड उघडणार, तोच बहिणीनं मास्क बाजूला सारला.

"नाही हो डॉक्टर," ती धापा टाकत म्हणाली, "दादाला विचारूनच आले मी."